मागच्यानं हॉर्न द्यायचा

सोमवार, २ फेब्रुवारी

आज लॅबमध्ये नवी रायडर आली. वय एकोणतीस. पहिल्याच वाक्यात मला काका म्हणाली. सत्तेचाळीस म्हणजे काही फार नाही, पण असो.

आमचं काम साधं आहे. गावभरच्या छोट्या दवाखान्यांतून रक्ताची सँपल थंड पेटीत घ्यायची आणि वेळेत लॅबला आणून द्यायची. आम्ही चार रायडर होतो, त्यातला एक सोडून गेला, त्याच्या जागी ही. मी इथे एकोणीस वर्षं आहे आणि एकोणीस वर्षांत माझी मोटरसायकल एकदाही आडवी झालेली नाही. म्हणून मला सगळे मास्तर म्हणतात. बाकीच्यांना रस्त्यावर जगायला मीच शिकवलं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, मास्तर, हिला आठवडाभर बरोबर घ्या. घेतली.

गाडी बरी चालवते. बरी म्हणजे चांगलीच बरी. हे इथे लिहितो, तोंडाने बोलणार नाही.

तिला आमची पद्धत सांगितली. दोघं एकाच रस्त्याला असलो की एकामागे एक जायचं. पुढच्यानं रस्ता बघायचा. मागच्यानं रस्ताही बघायचा आणि पुढचाही. पुढच्याचा स्टँड खाली राहिला, पेटीचा पट्टा सुटला, वळून झाल्यावर इंडिकेटर तसाच चालू राहिला, तर मागच्यानं दोन छोटे हॉर्न द्यायचे. मोटारीचा इंडिकेटर वळण संपलं की आपला आपण बंद होतो. आमच्या गाड्यांचा होत नाही, हाताने बंद करावा लागतो, आणि माणूस विसरतो. मोटारवाल्यांचं आपल्याकडे लक्ष नसतंच, निदान आपलं एकमेकांकडे असावं. ही पद्धत मी बसवलेली आहे. तिनं खिशातून वही काढून सगळं लिहून घेतलं. माझं बोलणं कुणी लिहून घेताना मी पहिल्यांदाच पाहिलं. लिहून घेऊन करणार काय आहे ही?

बुधवार, ४ फेब्रुवारी

दिवसभर प्रश्न. काका, तुम्ही मोटारवाल्याच्या तोंडाकडे का बघत नाही? सांगितलं, तोंडावर जाऊ नये. तो तुझ्याकडे बघत असतो आणि डोक्यात त्याच्या भलतंच असतं. पुढच्या चाकाकडे बघ. चाक हललं की तो निघाला, मग तोंड काही का म्हणेना. दुसरं, कुणी हात करून 'जा' म्हटलं तरी जायचं नाही, कारण त्याच्या शेजारच्यानं हात केलेला नसतो. उभ्या मोटारीपासून दार उघडेल एवढं अंतर ठेवून जायचं. फोन कानाला असलेला ओळखायला डोकं बघायचं नाही, गाडी रेषेत चाललीय का ते बघायचं.

लिहून घेतलं. प्रत्येक सिग्नलला शेजारी येऊन विचारते, काका, बरोबर चाललंय ना? मी मान हलवतो. पाच-सहा वेळा बरं वाटलं, मग कंटाळा आला.

सोमवार, ९ फेब्रुवारी

नवीने आज मला हॉर्न दिला.

दुपारी दोघं परतत होतो. मी पुढे. लॅबच्या गल्लीत वळलो आणि दारापर्यंत माझा इंडिकेटर चालू राहिला. माझ्या गाडीला मी स्वतः एक टिकटिक बसवली आहे, इंडिकेटर चालू असला की वाजते, पण तिची वायर शनिवारपासून निघाली आहे. ती असती तर प्रश्नच नव्हता. तर दारात सगळे चहाला उभे, आणि मागून दोन छोटे हॉर्न. अगदी पद्धतशीर. लंबू म्हणाला, मास्तरांनाच छडी! लंबू म्हणजे आमचा तिसरा रायडर, साडेसहा फूट आणि अक्कल तेवढीच वर. मॅडमसुद्धा हसल्या. नवी तेवढी हसली नाही. हळूच म्हणाली, काका, चालू राहिला होता. हसली असती तर परवडलं असतं.

संध्याकाळपर्यंत तिचं नाव मास्तरीणबाई पडलं. घरी सांगितलं तर ही खाली बसून हसली. म्हणाली, मास्तरीण मी असताना दुसरी कुठून आली, बघायला हवी. मी म्हटलं, यात हसण्यासारखं काय आहे ते मला समजावून सांग. तिनं सांगितलं नाही.

बुधवार, ११ फेब्रुवारी

रस्त्यावर सुरक्षित राहायचे नियम लॅबच्या भिंतीवर लावायचे, असं मॅडम तीन वर्षं म्हणत होत्या. मी लिहिणारच होतो. घाईने लिहिण्याची गोष्ट नव्हती ती. मास्तरीणबाईंनी एका संध्याकाळी लिहून लावलेसुद्धा. निळी शाई, अक्षर गोल. लंबू मोठ्याने वाचायला लागला तेव्हा मी पेट्रोल भरायला गेलो. टाकी भरलेलीच होती, चौदा रुपयांचं मावलं.

नव्याचे नऊ दिवस. तिचे आज दहा झाले, तरी संपायचं लक्षण नाही.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

लॅबला नवी मोटरसायकल आली. मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, मास्तर, तुम्ही घेता? मी म्हटलं, कशाला, माझी जुनी बरी आहे. असं म्हणायचं असतं. एकदा नको म्हणायचं, समोरच्यानं आग्रह करायचा, मग आढेवेढे घेत घ्यायची. मॅडमनी आग्रहच केला नाही. लांबचा रूट तिच्याकडे, म्हणून किल्ली मास्तरीणबाईंच्या हातात. वर ती मला विचारते, काका, खरंच नको ना तुम्हाला? आता चारचौघांत काय सांगणार? म्हटलं, खरंच नको.

सगळे आत गेल्यावर जरा बसून पाहिली. इंडिकेटरचा आवाज होत नाही, आणि चालवणाऱ्यासमोरचा त्याचा दिवा इतका मंद की उन्हात दिसायचा नाही. नवी असून उपयोग काय. तिला सांगायला हवं होतं. उद्या सांगू म्हटलं.

रविवार, १५ फेब्रुवारी

आता हे घरापर्यंत आलं.

आमची लेक एकोणीस वर्षांची आहे, कॉलेजला जाते. मागच्या वर्षी तिला मोटरसायकल शिकवायला घेतली होती. दुसऱ्या रविवारी ती मैदानात गाडी तशीच उभी करून चालत घरी आली. मी काही फार ओरडलो नव्हतो. चूक करेल तिथे ओरडलो, आणि ती सारख्या चुका करत होती. त्यानंतर गाडीचा विषय बंद.

गुरुवारी मी चष्मा घरी विसरलो, तो द्यायला लेक लॅबमध्ये आली आणि मास्तरीणबाईंशी तासभर बोलत बसली. आज जेवताना जाहीर केलं, मी त्यांच्याकडे शिकणार, दर रविवारी. मी म्हटलं, शिक की, मला काय. मग पाणी प्यायलो. मग विचारलं, घरात एकोणीस वर्षांचा अनुभव बसलेला असताना बाहेर कशाला? लेक म्हणाली, "बाबा, त्या ओरडत नाहीत."

ही म्हणाली, पिकतं तिथे विकत नाही, मनाला लावून घेऊ नका. मी कुठे लावून घेतोय?

गुरुवार, १९ फेब्रुवारी

लेक मला म्हणते, बाबा, तोंडाकडे बघू नका, चाकाकडे बघा. मला. म्हटलं, हे कुणी सांगितलं? तर म्हणे त्यांनी, आणि त्या सारखं तुमच्याबद्दलच सांगत असतात, काका असं करतात, काका तसं करतात. म्हणजे माझ्या माघारी माझ्या चालवण्याची चर्चा चालते. माझीच वस्तू न्यायची आणि माझ्याच घरात मला भेट म्हणून आणून द्यायची.

रविवार, २२ फेब्रुवारी

मैदानाच्या बाजूला एका बंद ट्रकच्या आडून पाहिलं. मुद्दाम गेलो नव्हतो. मैदान रस्त्यात पडतं, जरा वळसा घेतला की.

लेकीची गाडी तीनदा बंद पडली. तीनदा दोघी हसल्या. माझ्याबरोबर शिकताना तिची गाडी बंद पडली की ती आधी माझ्याकडे बघायची. चौथ्यांदा गाडी अशी सुटली की मैदानाला पूर्ण चक्कर. मास्तरीणबाई टाळ्या वाजवत होती. ते मी बघायला हवं होतं. म्हणजे बघितलं, पण ट्रकच्या आडून. पोरीनं पहिली चक्कर मारली आणि टाळ्या दुसऱ्याच कुणाच्या.

खरं लिहायचं तर पोटात दुखलं. खोटं लिहून कुणाला दाखवायचंय?

मंगळवार, २४ फेब्रुवारी

आज फार लिहिणार नाही.

मास्तरीणबाईला अपघात झाला. जिवंत आहे. सकाळच्या फेरीहून दोघं लॅबकडे परतत होतो, ती पुढे, मी मागे. पाण्याच्या टाकीपाशी डावीकडे वळून मोठ्या रस्त्याला लागलो. तिथून दीड किलोमीटरवर डाव्या हाताला एक गल्ली मिळते. गल्लीच्या तोंडाशी एक पांढरी मोटार थांबली होती. मास्तरीणबाई अगदी जवळ गेल्यावर मोटार सरळ तिच्यासमोर आली. तिनं ब्रेक लावला, पण अंतरच नव्हतं. आदळली, बॉनेटवरून पलीकडे पडली.

मी हेल्मेट कुणाला काढू दिलं नाही. मान धरून बसलो. पायातून रक्त येत होतं, तिथे पेटीचा पट्टा बांधला. ती शुद्धीवर होती. पेटीतल्या एकतीस नळ्यांतल्या अकरा फुटल्या, तेवढ्या लोकांचं रक्त पुन्हा घ्यावं लागणार.

मोटारवाला म्हातारा आहे. त्याच गल्लीत त्याचं चष्म्याचं दुकान आहे. शेजारच्या सीटवर बायको होती, तिला कुठेतरी व्यायामाच्या उपचाराला नेत होता. सारखं एकच म्हणत होता, तिचा डावा इंडिकेटर चालू होता हो, मला वाटलं ती गल्लीत वळतेय, म्हणून मी निघालो. गर्दीतलं कुणीतरी म्हणालं, चष्मेवाल्यालाच दिसत नाही. लोक हसले. असल्या वेळी सगळे मोटारवाले असंच काहीतरी सांगतात.

नव्या गाडीचा समोरचा दिवा चालवणाऱ्याला उन्हात दिसत नाही, हे मी आधीच लिहून ठेवलं आहे.

बुधवार, २५ फेब्रुवारी

नडगीची दोन्ही हाडं मोडली आहेत, गळ्याजवळचं हाड पण. दोन ऑपरेशनं. पाय पूर्ववत होईल का, ते डॉक्टर आताच सांगत नाहीत.

लॅबमध्ये सगळे माझं कौतुक करतायत. मास्तर होते म्हणून वाचली. लंबूनं मला स्वतःहून चहा आणून दिला. शनिवारी सगळ्यांसमोर बेपर्वा मोटारवाल्यांपासून कसं वाचायचं यावर तुम्हीच बोला, असं मॅडम म्हणाल्या. तिचा लांबचा रूट पण माझ्याकडे आला.

सुंठीवाचून खोकला गेला, ही म्हण मनात आली. आली म्हणजे आपली आली, मी बोलावली नव्हती. खोडणार होतो, पण खोडलेलं जास्त दिसतं.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

दवाखान्यात जाऊन आलो. लेक माझ्याआधीच तिथे होती, तिला चमच्याने पाणी पाजत होती. डोळे रडून सुजलेले. मला दोन वर्षांपूर्वी ताप आला होता तेव्हा लेकीनं दारातून विचारलं होतं, बरं आहे का. असो. अशा वेळी असले हिशेब मांडू नयेत, पण मांडले गेले.

मास्तरीणबाईचा चेहरा पांढराफटक. मला बघून उठायला लागली, लेकीनं दाबून धरलं. पोलीस येऊन गेले होते. त्यांनी इंडिकेटरचं विचारलं, ती म्हणाली, मला आठवत नाही, टाकीपाशी वळले तेव्हा दिला होता, बंद करायचा राहिलाही असेल. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पण मी त्यांना सांगितलं, मागे काका होते. चालू असता तर काकांनी हॉर्न दिला असता. दिला नाही, म्हणजे बंदच होता."

लेकीनं माझ्याकडे वळून पाहिलं. असं तिनं मला लहानपणानंतर पाहिलेलं नाही. मी म्हटलं, पाणी संपलंय, भरून आणतो. तांब्या अर्धा भरलेला होता.

शनिवार, २८ फेब्रुवारी

पोलीस ठाण्यात बोलावलं. हवालदार माझ्याच वयाचा, सभ्य. म्हणाला, तुमच्या लॅबमध्ये मागच्यानं हॉर्न द्यायची पद्धत आहे म्हणे, चांगली आहे. तुम्ही हॉर्न दिला नाहीत, म्हणजे इंडिकेटर बंद होता, असं धरायचं ना?

मी म्हटलं, तसं म्हणता येईल.

बाहेर बाकावर चष्मेवाला बसला होता. त्याचं लायसन जमा केलंय, खटला होणार. मला ओळखून उठला. म्हणाला, तुम्ही मागेच होतात ना, तुम्हाला काही दिसलं नाही का? मी म्हटलं, माझं जबाबात सांगून झालंय. त्यानं मान डोलावली आणि पुन्हा बसला.

दुपारी लॅबमध्ये बेपर्वा मोटारवाल्यांवर बोललो. चांगलं झालं म्हणतात. भिंतीवरचे नियम बघून बोला, असं लंबूनं सुचवलं, पण मी तिकडे पाठ करून उभा राहिलो.

सोमवार, २ मार्च

आता तिच्या रूटमुळे त्या गल्लीवरून दिवसातून चारदा जावं लागतं. आज चष्मेवाला बायकोला चालवत नेत होता. तिचा एक हात त्याच्या खांद्यावर. दहा पावलं झाली की दोघं थांबत. मोटार दुकानासमोर उभी, तोंडावर चेपलेली. तो थांबला की बायको त्याच्याकडे बघे, आणि तो मोटारीकडे.

मी परत फिरून टाकीपाशी गेलो. घड्याळ लावलं आणि टाकीपासून गल्लीपर्यंत त्या दिवशीच्या वेगाने आलो. पावणेचार मिनिटं. मध्ये सिग्नल आहे, म्हणून एवढी.

लिहितो आता. चालू होता. टाकीपाशी वळल्यापासून चालू होता. पिवळा दिवा माझ्या डोळ्यांसमोर लुकलुकत होता आणि माझा अंगठा हॉर्नवर होता. पहिल्यांदा वाटलं, बंद करेल आता. मग वाटलं, करत नाहीये, मास्तरीणबाई विसरली. तेव्हा मला आनंद झाला. मग ठरवलं, इथे द्यायचाच नाही. लॅबच्या दारात द्यायचा. सगळे चहाला असतील तेव्हा, दोन छोटे, पद्धतशीर. तिनं मला दिला तसा. मग हळूच म्हणायचं, चालू राहिला होता. वाक्यसुद्धा तयार होतं. गल्लीपासून लॅब पाच मिनिटांवर होती.

मोटार थांबलेली मला दिसली होती. चाक पण दिसलं होतं. हललं तेव्हा मी हॉर्न दिला, लांबलचक. तो कुणाच्या लक्षातही नाही.

मी जगाला सांगत आलो की मोटारवाल्यांचं लक्ष नसतं. म्हाताऱ्याचं होतं. त्यानं तिचा दिवा नीट पाहिला आणि त्यावर विश्वास ठेवला.

मंगळवार, ३ मार्च

ठाण्यात जाऊन जबाब बदलला. हवालदार म्हणाला, मास्तर, मागचा जबाब खोटा होता असं होतंय हे, विचार करा. म्हटलं, केलाय. इंडिकेटर चालू होता. त्यानं विचारलं, हॉर्न बिघडला होता का? नाही. मग दिला का नाहीत?

सांगायला दोन-तीन कारणं जुळवून नेली होती, पण तोंडातून निघालं ते असं, "मी जळत होतो तिच्यावर."

त्यानं पेन थांबवलं. "हे लिहू?"

"लिहा."

त्यानं 'मत्सरामुळे' असं लिहिलं. मी आयुष्यात हा शब्द कधी बोललो नाही. खाली माझी सही आहे.

चष्मेवाल्याकडे जाऊन सांगितलं. ओरडेल असं वाटलं होतं. त्यानं चष्मा काढला, पुसला, बराच वेळ पुसत राहिला. म्हणाला, "आठ दिवस मला वाटत होतं, मला नसलेलं दिसायला लागलंय. दुकान बंद करायचं ठरवलं होतं मी." मग आतून बायकोनं विचारलं, कोण आहे. तो म्हणाला, गिऱ्हाईक नाहीये.

बुधवार, ४ मार्च

मॅडमना सांगितलं. त्यांनी माझ्या गाडीची किल्ली मागून घेतली. पुढचं ठरेपर्यंत मी काउंटरवर. लंबूनं मला आज अहो-जाहो केलं, आणि तो अहो-जाहो कधीच करत नाही.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. लेक नव्हती, बरं झालं. उभ्याउभ्याच सांगितलं. टाकीपासून चालू होता, मला दिसत होता, मी मुद्दाम हॉर्न दिला नाही. का, तेही सांगितलं. लॅबच्या दारातलं ठरवलेलं वाक्यसुद्धा.

ती छताकडे बघत होती. मग जणू रस्ता आठवून आठवून विचारायला लागली. पिठाच्या गिरणीपाशी होता? म्हटलं, होता. पेट्रोलपंपापाशी? होता.

"शाळेच्या सिग्नलला आपण शेजारी उभे होतो," ती म्हणाली.

"हो."

"मी विचारलं होतं तुम्हाला, काका, बरोबर चाललंय ना?"

"हो."

"तुम्ही मान हलवलीत."

हे मी हवालदाराला सांगितलं नव्हतं. सोमवारी इथे लिहिलं, त्यातही हे लिहिलेलं नाही. शाळेचा सिग्नल मी नुसता सिग्नल लिहिला. हलवली होती मान.

ती भिंतीकडे वळायला गेली, पण पाय बांधलेला असल्यामुळे वळता आलं नाही. तशीच पडून राहिली. डोळे मिटून म्हणाली, "मी वहीत तुमचं सगळं लिहून ठेवलंय हो, काका. पानंच्या पानं." मग म्हणाली, "तुमच्या लेकीला आता मी काही शिकवू शकणार नाही. तुम्हीच न्या रविवारी. पण आधी तिला हे सांगा. सिग्नलचंपण."

पंधरा दिवसांपूर्वी 'तुम्हीच न्या' हे ऐकायला मी काय वाटेल ते दिलं असतं.

रविवार, ८ मार्च

लंबूची गाडी मागून आणली, ती लेकीसाठी. मी माझ्या चुलतभावाची घेतली. सकाळी मैदानात गेलो. तिला म्हटलं, बसायच्या आधी एक ऐक. पण ती हेल्मेट घालून आधीच बसली होती, गाडीवर बसूनच तिनं ऐकलं. मी सगळं सांगितलं, सिग्नलला मास्तरीणबाईनं काय विचारलं आणि मी काय केलं तेसुद्धा. ट्रकच्या आडून पाहिलं होतं तेही सांगितलं. हेल्मेटची काच खाली होती, त्यामुळे चेहरा दिसला नाही, आणि काच वर कर असं म्हणायचा मला धीर झाला नाही.

मग म्हणाली, "चला."

मी म्हटलं, तू पुढे हो, मी मागे राहतो. शिकणारा पुढे असला म्हणजे मागच्याला चुका दिसतात.

"नको, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही पुढे व्हा. मी मागे राहते."

मी पुढे झालो. मैदानातून बाहेर पडून शांत रस्त्यांनी पाऊण तास फिरलो. ती चांगली चालवते. आरशात दिसत होती, सारखं तेवढंच अंतर ठेवून. प्रत्येक वळणानंतर मी इंडिकेटर बंद केलेला पुन्हा हाताने चाचपून बघत होतो. चुलतभावाच्या गाडीला टिकटिक नाही आणि ऊन डोळ्यांवर होतं. एकदा थांबून खाली उतरून मागचा दिवा बघावा असं वाटलं, पण थांबलो नाही.

पाऊण तासात तिनं एकदाही हॉर्न दिला नाही. माझं काही चुकलं नाही म्हणून दिला नाही, की चुकलं तरी दिला नाही, हे मला कळायला मार्ग नाही.